घरच्या समुद्री टँकची काच लाल फ्लॅटवर्मनी (चपट्या किड्यांनी) भरली आहे. थेट औषध टाकू की आधी उपसून काढू?

खारटपाणी:
टँक १२० × ५० × ५० सेमी, खाली सम्प (पाणी फिरून जातं ती जोडटाकी). दुकानदाराच्या हिशेबाने सगळं मिळून ३६० लिटर. रॉक ३० किलो, वाळूचा थर ४ सेमी. तापमान २६ अंश, खारटपणा १.०२५, नायट्रेट २५, फॉस्फेट ०.१८. मासे: क्लाउनची जोडी, एक यलो टँग, दोन कार्डिनल. कोरल: झोअँथिड, मशरूम, एक हॅमर आणि अ‍ॅक्रोपोराचे तीन फ्रॅग (मोठ्या कोरलपासून तोडलेले छोटे तुकडे).

दीड महिन्यापूर्वी मागच्या कोपऱ्यात गंजाच्या रंगाचे चार-पाच ठिपके होते. आता लाइट लागून दोन तास झाले की डावीकडची काच, वाळूचा कडेचा पट्टा आणि मशरूमचा वरचा भाग तांबूस दिसतो. एकेक किडा ३-४ मिमी, चपटा, शेपटीकडे दातेरी. रात्री टॉर्च मारला तर फारसे दिसत नाहीत. फ्लॅटवर्मवरच्या औषधाची बाटली आणून ठेवली आहे, ३६० लिटरचा डोस एकदम टाकावा म्हणतो. टँगची काळजी वाटते. तो माश्यांमध्ये सगळ्यात जुना आहे.

पोवळेवाला:
बाटली अजून उघडू नका. आधी किडा कोणता ते पक्कं करा, कारण ‘फ्लॅटवर्म’ या एका नावाखाली निदान चार वेगळी प्रकरणं येतात आणि चौघांवरचा इलाज वेगळा आहे.

पांढरी बशी घ्या, ड्रॉपरने दोन-तीन किडे पाण्यासकट उचलून भिंगाखाली बघा. मागच्या टोकाला तीन छोटे लोंबते भाग, मधला जरा लांब, रंग विटकरी: हा कॉन्व्होल्युट्रिलोबा, ज्याला सगळे रेड प्लॅनेरिया म्हणतात. वर्णनावरून तुमच्याकडे हाच वाटतो. किडा गोलसर, तपकिरी, मागे एक खाच, आणि काच-वाळू सोडून फक्त कोरलच्या अंगावर चिकटलेला असेल तर तो वामिनोआ. तो कोरलचं मांस खात नाही, पण एवढ्या दाटीने बसतो की कोरलला ना ऊन मिळतं ना खाणं. काचेवर सरकणारे पारदर्शक, पांढुरके, एकेकटे दिसणारे किडे बहुतेक निरुपद्रवी, त्यांच्यामागे औषध घेऊन लागू नका. चौथा प्रकार फक्त अ‍ॅक्रोपोरा खाणारा. तो या तिघांपेक्षा वाईट आणि तो कधीच काचेवर फिरायला येत नाही.

गंमत म्हणजे पहिले दोन शास्त्राच्या हिशेबात खरे फ्लॅटवर्म नाहीतच, ते ‘अ‍ॅसील’ नावाच्या वेगळ्याच कुळातले. म्हणून माश्यांच्या फ्लूकवर (अंगावरच्या परजीवी किड्यांवर) चालणारं प्राझिक्वांटेल इथेही चालेल असं धरून बसू नका.

दिवसा दिसतात आणि रात्री गायब होतात यालाही कारण आहे. रेड प्लॅनेरियाच्या शरीरात शेवाळपेशी राहतात, म्हणून तो कोरलसारखाच प्रकाशात येऊन बसतो. जोडीला कोपेपॉड (पाण्यातले अगदी बारीक जीव) पकडून खातो. अंड्यांची वाट पाहावी लागत नाही, अंगालाच फुटवा येतो आणि तो सुटून वेगळा किडा होतो. दीड महिन्यात पाचाचे हजारो कसे झाले, ते यावरून कळेल.

सम्पमास्तर:
वरचं निदान बरोबर मानून पुढचं सांगतो.

टँकमध्ये मासे मरतात ते बहुधा औषधाने नव्हे, मेलेल्या किड्यांतून सुटणाऱ्या विषाने. दहा किडे मेले तर कोणाला कळणारही नाही. काचेवर तांबूस साय असताना एका तासात सगळे मेले तर ते विष २०-३० मिनिटांत सगळ्या टँकभर होतं. म्हणून तुमच्या शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर: आधी उपसा, मग औषध. उपसा जितका कंटाळवाणा होईल तितका औषधाचा दिवस निवांत जाईल.

*उपसा.* ४ ते ६ मिमी आतल्या व्यासाची कडक नळी ३०-४० सेमी लांब कापा, तिला मऊ एअरलाइन जोडा, दुसरं टोक खाली बादलीत. जाड सायफन वापरू नका, अर्ध्या मिनिटात बादली भरते आणि किडे तिथेच राहतात. लाइट लागल्यावर दोन-अडीच तासांनी ते उघड्यावर दाटीने बसतात, तीच वेळ धरा. नळीचं तोंड किड्यापासून दोन-तीन मिमीवर तिरकं ठेवा, टेकवू नका. टेकवलं की तो अंग आखडून घट्ट धरतो. ब्लेडने काच खरवडायचा मोह होईल. खरवडलं की किडे चिरडतात, विष सुटतं, आणि तुकड्यांतून काही परत उभे राहतात.

एका वेळी २५-३० लिटर काढा, तेवढंच मिसळून ठेवलेलं खारं पाणी भरा. दिवसाआड, आठ-दहा दिवस. काही जण १०० मायक्रॉनच्या सॉकमधून (गाळणीच्या पिशवीतून) गाळून तेच पाणी परत टाकतात. मी टाकणार नाही, कारण सॉकमध्ये फुटलेल्या किड्यांचं विष त्या पाण्यात उतरलेलं असतं. या पाणीबदलाने तुमचं नायट्रेटही उतरेल. मशरूम ज्या दगडावर आहेत तो सुटा असेल तर बाहेर काढा, टँकच्याच पाण्याच्या बादलीत धरून बास्टरने (रबरी फुग्याच्या पिचकारीने) फवारा मारा, बादली फेका.

*पाण्याचा खरा हिशेब.* ३६० हा आकडा बाहेरच्या मापांवरून आलेला आहे. काच १० मिमी धरली तर आतली लांबी ११८, रुंदी ४८. पाण्याची उंची काठापर्यंत नसते, ४६ धरू. म्हणजे २६० लिटर. रॉकचं काय? ३० किलो कोरडा रॉक साधारण ११ लिटर जागा खातो, कारण छिद्रांत पाणी भरतं. वाळूचा थर सुमारे २३ लिटरचा, त्यात घन भाग साठ टक्के धरा, गेले १४ लिटर. उरले २३५. सम्पमध्ये चालू पंपावर जेवढी पातळी असते तेवढीच मोजा, समजा ६० लिटर. एकूण २९५. तुम्ही ३६०चा डोस टाकणार होतात, म्हणजे वीस-बावीस टक्के जास्त. औषध एकवेळ हे सोसू देईल, पण तुमच्या टँगसाठी ही सुरुवात चांगली नाही.

*आधी जगमध्ये चाचणी.* जगमध्ये १ लिटर टँकचं पाणी आणि दहा किडे. एका लिटरचा डोस थेंबाच्याही अंशात येतो, म्हणून १ मिली औषध ९९ मिली टँकच्या पाण्यात मिसळा आणि त्यातून सिरिंजने लागेल तेवढं घ्या. अर्ध्या-पाऊण तासात किडे आखडून तळाशी पडले तर औषध जिवंत आहे. फिरतच राहिले तर बाटली जुनी आहे किंवा किडा दुसरा आहे. दोन्ही गोष्टी टँकमध्ये कळण्यापेक्षा जगमध्ये कळलेल्या बऱ्या.

*औषधाचा दिवस.* सकाळी सुरू करा, संध्याकाळपर्यंत घरात थांबता येईल असाच दिवस निवडा. हाताशी हवं ते असं:

– १०० लिटर खारं पाणी, आदल्या दिवशी मिसळून रात्रभर फिरवलेलं, तापमान आणि खारटपणा टँकशी जुळवलेला. आणखी ४०-५० लिटर राखीव असेल तर सोन्याहून पिवळं.
– ३०० ग्रॅम नवा कार्बन (विष आणि औषध शोषून घेणारा कोळसा), आरओच्या पाण्यात काळी धूळ जाईपर्यंत धुतलेला, पिशवीत किंवा रिअ‍ॅक्टरमध्ये तयार. आत्ता रिअ‍ॅक्टरमध्ये असलेला जुना कार्बन धरू नका, त्यात शोषायची ताकद उरलेली नसते.
– एअरपंप, दोन एअरस्टोन.
– एक बादली ताज्या खाऱ्या पाण्याची, एअरस्टोनसकट, माश्यांसाठी.

चालू कार्बन काढा, यूव्ही आणि ओझोन बंद. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) चालू ठेवा पण कप काढून, म्हणजे तो फेस गोळा न करता नुसती हवा मिसळेल. टँकचा लाइट लावा, किडे बाहेर येऊ द्या, औषधाआधी शेवटचा उपसा करा. मग २९५ लिटरचा डोस एका मगमध्ये टँकच्या पाण्यात मिसळून रिटर्न पंपाच्या (सम्पमधून पाणी वर टँकमध्ये ढकलणाऱ्या पंपाच्या) खणात दहा मिनिटांत थोडा थोडा ओता.

पंधरा-वीस मिनिटांत किडे काच सोडून गोळा होऊन तरंगायला लागतात. इथे हात चालवा: नळी सोडून जाड सायफन घ्या, ओव्हरफ्लोच्या (टँकमधलं पाणी सम्पमध्ये उतरतं त्या खणाच्या) तोंडाला सॉक लावा आणि जे तरंगतंय ते बाहेर काढत राहा. बाहेर निघालेल्या किड्याचं विष टँकमध्ये राहत नाही. ४५ मिनिटांनी नीट बघा. बरेच किडे अजून सरकत असतील तर लेबलवर सांगितलेला पुढचा डोस द्या. नसतील तर तिथेच थांबा.

तासाभराने १०० लिटर पाणी बदला, कार्बन चालू करा, स्किमरला कप लावा. २४ तासांनी कार्बन फेकून नवा भरा.

*डोळे कशावर ठेवायचे.* टँगच्या कल्ल्यांवर. श्वास जलद होणं, पृष्ठभागाशी तोंड काढणं, एका कुशीवर कलणं यातलं एकही दिसलं तर घड्याळ बघत बसू नका. लगेच कार्बन लावा, लगेच पाणी बदला, माशाला तयार बादलीत हलवा. झोअँथिड दोन दिवस मिटून राहिले तर घाबरू नका.

पाच ते सात दिवसांनी दुसरा डोस द्याच, एकही किडा दिसत नसला तरी. रॉकच्या पोटात चार उरलेले असतात आणि तेवढे पुरतात. या दोन डोसच्या मध्ये ‘थोडं थोडं रोज’ असं काही करू नका. अर्धवट डोसने किडे मरत नाहीत, फक्त औषध संपतं. आणि ओव्हरफ्लोचा खण, सम्पचे कोपरे, रेफ्यूजियम (शेवाळ वाढवायचा वेगळा कप्पा) असेल तर तेही याच हिशेबात धरा. ‘परत आले’ अशा बऱ्याच तक्रारींचं उत्तर ओव्हरफ्लोच्या खणात सापडतं.

वाळूतला:
सगळे औषधावर बोलताय म्हणून माश्यांचं सांगतो. सिक्सलाइन रास, यलो कोरिस, मेलान्युरस हे तिघं फ्लॅटवर्म खातात असं म्हणतात आणि ते खरं आहे, अर्ध्यापुरतं. एखादा रास दिवसभर टिपत बसतो, त्याच जातीचा दुसरा ढुंकून बघत नाही. तांबूस साय जमल्यावर रास आणणं म्हणजे घराला आग लागल्यावर विहीर खणणं. औषधानंतर उरलेले चार टिपायला मात्र उत्तम.

सिक्सलाइन लहान टँकमध्ये मोठा झाला की गुंडगिरी करतो, नंतर येणाऱ्या प्रत्येक शांत माशाचं जिणं नकोसं करतो. तुमचे कार्डिनल बघता मी यलो कोरिस घेईन. तो रात्री वाळूत शिरून झोपतो, त्याला निदान ५ सेमी बारीक वाळू लागते, तुमची ४ आहे. एका कोपऱ्यात ढीग करून दिला तरी चालतं. टँकला जाळी हवी, हे मासे उडी मारतात.

निळा मखमली न्यूडिब्रँक या नावाने ओळखला जाणारा समुद्री स्लग (बिनशंखाची गोगलगाय), केलिडोन्युरा, हा या किड्यांवरच जगतो. जोरात काम करतो. अडचण अशी की किडे संपले की तो उपाशी मरतो, आणि त्याआधी पावरहेडच्या (टँकमध्ये प्रवाह करणाऱ्या पंपाच्या) जाळीत सापडायची शक्यता जास्त. दुसऱ्या कोणाच्या टँकमध्ये हलवायची सोय असेल तरच आणा. आणि औषध देणार असाल तर त्याच्यासोबत अजिबात नाही.

मूळ कारणाबद्दल कोणी बोललं नाही. डावी काच का भरली, उजवी का नाही? बहुतेक डावीकडे प्रवाह मेलेला आहे. हे किडे संथ जागा शोधतात. एक पावरहेड मागच्या डाव्या कोपऱ्याकडे वळवा. फॉस्फेट ०.१८ वरून ०.०५-०.०८ पर्यंत आणा, पण महिनाभर घेऊन. जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) भरून दोन दिवसांत शून्यावर आणलंत तर फ्लॅटवर्म जातील आणि डायनो (चिकट तपकिरी थर करणारे सूक्ष्मजीव) येतील, मग आणखी एक धागा काढावा लागेल.

खारटपाणी:
सगळ्यांचे आभार. भिंगाखाली पाहिलं, शेपटीला तीन भाग स्पष्ट दिसले, म्हणजे रेड प्लॅनेरियाच. ओव्हरफ्लोच्या खणात टॉर्च मारला आणि तोंडातून शब्द फुटेना. आजपासून उपसा सुरू.

आणखी एक. पोवळेवाले, तुम्ही अ‍ॅक्रोपोरा खाणाऱ्याबद्दल लिहिलंत म्हणून तीनही फ्रॅग जवळून बघितले. एकाच्या खालच्या बाजूला, सावलीतल्या फांद्यांवर, फिकट गोल डाग आहेत. टाचणीच्या डोक्याएवढे, एकमेकांना लागून. तो फ्रॅग महिनाभर जरा फिकाच आहे, मी लाइट जास्त होतोय समजत होतो. किडा एकही दिसत नाही. याच औषधात तेही जाईल का?

पोवळेवाला:
नाही, आणि किडा दिसत नाही म्हणून खूश होऊ नका. तो दिसतच नाही. प्रॉस्टिओस्टोमम अ‍ॅक्रोपोरी असं त्याचं आजचं नाव, २०११ मध्ये त्याचं वर्णन झालं तेव्हा अमाकुसाप्लाना असं होतं, जुन्या लेखांत तेच सापडेल. अंग जवळजवळ पारदर्शक आणि पोटात कोरलच्याच तपकिरी पेशी, त्यामुळे ज्या फांदीवर बसतो तिच्याच रंगाचा दिसतो. जास्त लाइटने फिकेपणा येतो तो वरून, उजेडाच्या बाजूने. तुमचा खालून, सावलीत सुरू झालाय. गोल डाग म्हणजे त्याचे घास.

खात्री अशी करा. फ्रॅग पांढऱ्या डब्यात टँकच्या पाण्यात धरा, बास्टरने अगदी जवळून जोरात फवारा मारा, विशेषतः बुडाशी आणि फांद्यांच्या बेचक्यात. तळाशी भाताच्या सालपटासारखं काहीतरी गिरक्या घेत पडलं आणि मग सरकायला लागलं, तर तोच. आता फ्रॅग उलटा करा आणि जिथे मांस संपून पांढरा सांगाडा उघडा पडलाय तिथे भिंग लावा. सोनेरी-तपकिरी ठिपक्यांचा दाट पुंजका दिसला तर ती अंडी. अंडी नेहमी उघड्या सांगाड्यावर घातलेली असतात, जिवंत मांसावर नाहीत.

सगळा घोळ या अंड्यांचा आहे. कोणताही डिप (कोरल औषधी पाण्यात बुडवणं) मोठे किडे पाडतो, अंड्यांना काही होत नाही. ती दोन-तीन आठवड्यांत फुटतात, पाणी थंड असेल तर आणखी वेळ घेतात. एक डिप करून ‘दहा किडे पडले, सुटलो’ म्हणणारा माणूस महिन्याने परत तिथेच असतो.

करायचं असं. तीनही फ्रॅग बाहेर काढा, डाग एकावरच असले तरी तीनही. प्लगपासून (फ्रॅग चिकटवलेल्या छोट्या बैठकीपासून) तोडून वेगळे करा आणि जुने प्लग फेका, प्लगच्या खालच्या फटीत अंडी असतात. मेलेला, उघडा सांगाडा बोन कटरने कापून टाका, जिवंत मांसाच्या अर्धा सेमी आतून. जो भाग कापता येत नाही तो जुन्या टूथब्रशने घासा, त्यावर जेल सुपरग्लू फासा. ग्लूखाली अडकलेली अंडी फुटली तरी बाहेर येत नाहीत.

मग कोरल डिप, लेबलवरच्या मात्रेने, टँकच्याच पाण्यात आणि टँकच्याच तापमानाला. दहा मिनिटं, छोटा पंप लावून, दर मिनिटाला बास्टर. त्यानंतर एकामागून एक दोन बादल्यांत धुवा, डिपचं पाणी टँकमध्ये जाऊ देऊ नका. नवीन प्लगवर बसवा आणि वेगळ्या लहान टँकमध्ये ठेवा. दर सहा-सात दिवसांनी डिप, सलग सहा वेळा. शेवटच्या दोन डिपमध्ये डब्यात एकही किडा पडला नाही तरच संपलं म्हणायचं. एक जरी पडला तरी मोजणी पुन्हा एकपासून.

तोवर मोठ्या टँकमध्ये एकही अ‍ॅक्रोपोरा नको, आठ आठवडे. हा किडा अ‍ॅक्रोपोराशिवाय तगत नाही, रॉकवर राहिलेली अंडी फुटली तरी पिल्लं उपाशी मरतात. हॅमर, झोअँथिड, मशरूम तिथेच राहू देत, त्यांना हा हात लावत नाही.

दोन्ही कामांचा क्रम: अ‍ॅक्रोपोरा आधी बाहेर काढा, मग मोठ्या टँकमध्ये रेड प्लॅनेरियाचं औषध द्या. फिकट पडलेल्या फ्रॅगला त्या विषाच्या पाण्यात ठेवण्यात काही अर्थ नाही.

वाळूतला:
एक भर. वेगळ्या टँकची बास्टर, चिमटा, नळी, हातमोजे वेगळे ठेवा. ओला चिमटा इकडून तिकडे गेला की सहा आठवड्यांची मेहनत पाण्यात. आणि पुढच्या वेळी फ्रॅग आला की त्याचा प्लग घरात येण्याआधीच तोडून फेकायचा. रेड प्लॅनेरियाही बहुतेक वेळा प्लगवरूनच येतो, एक किडा पुरतो.

खारटपाणी:
बास्टर मारला. सालपटासारखे तीन पडले, त्यातले दोन सरकले. कटर आणतो.

शेवटची शंका, औषधाच्या दिवशी वापरलेला कार्बन धुऊन वाळवून परत वापरता येतो का? ३०० ग्रॅम दोनदा, बराच होतो.

सम्पमास्तर:
नाही. शोषलेलं धुतल्याने निघत नाही, वाळवल्यानेही नाही. फेका. काटकसर करायचीच असेल तर उपशाला दोन दिवस जास्त द्या. किडे जितके कमी मरतील तितकं कार्बनचं काम कमी, मग दुसऱ्या डोसला १५० ग्रॅमही पुरेल.